आईजवळ राहता यावं म्हणून

ब्रिटिश नागरिकत्वाच्या अर्जात एक भाग असतो. गेल्या पाच वर्षांत तुम्ही देशाबाहेर कधी गेलात, कधी परत आलात, कुठे गेलात आणि कशासाठी गेलात, हे एकेक प्रवास करून भरायचं. मी तो भाग भरायला तीन संध्याकाळी घेतल्या. इथे विमानतळावर बाहेर पडताना शिक्का मारत नाहीत, म्हणून मुंबईचे शिक्के बघून तारखा लावत गेले. एक शिक्का इतका पुसट होता की पासपोर्ट दिव्याखाली तिरका धरून वाचला, आणि तरी तो ५ आहे की ६ हे कळेना. शेवटी जुन्या ईमेलमधलं तिकीट शोधून काढलं.

डिसेंबरात मी ब्रिटिश नागरिक झाले. त्याचा फोटो टाकला नव्हता. तरी बातमी पोचली आणि घरच्या ग्रुपवर एका जवळच्या माणसानं लिहिलं, "शेवटी देश सोडलाच पोरीनं." तिथे मी काही बोलले नाही. मोठ्या माणसाशी ग्रुपवर वाद घालायची आपली रीत नाही. पण ते वाक्य मनातून जात नाही, म्हणून इथे सगळं लिहिते. शिवाय माझ्यासारखे बरेच जण याच रांगेत उभे आहेत, त्यांना उपयोग होईल.

मी वाईची. रेडिओग्राफर आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये नवऱ्याबरोबर इथे आले, इथल्या सरकारी रुग्णालयात नोकरीला लागले. पाच वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, कायम वास्तव्याची परवानगी मिळाली. तिला इथे सगळे आयएलआर म्हणतात. ती हातात आल्यावर १२ महिने थांबायचं आणि मग नागरिकत्वाचा अर्ज करायचा. जोडीदार ब्रिटिश असेल तर नियम वेगळे. आमच्यात दोघंही भारतीय, म्हणून पाच वर्षांचाच रस्ता.

अट अशी: पाच वर्षांत मिळून ४५० पेक्षा जास्त दिवस बाहेर नको, आणि शेवटच्या १२ महिन्यांत ९० पेक्षा जास्त नको. जाण्याचा आणि येण्याचा दिवस धरत नाहीत, मधले पूर्ण दिवस मोजतात. शेवटच्या वर्षात शंभरपर्यंत गेले तर सहसा सोडून देतात. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते: अर्ज पोचतो त्या तारखेच्या बरोबर पाच वर्षं आधी तुम्ही प्रत्यक्ष या देशात असायला हवं. त्या दिवशी सुट्टीवर वाईला असाल तर अर्ज आठवडाभर पुढे ढकला, एवढं सोपं आहे. पण हे माहीत नसल्यामुळे अर्ज फेटाळला गेला तर भरलेली फी परत मिळत नाही. फक्त नागरिकत्वाच्या शपथेच्या समारंभाचे १३० पाउंड परत येतात.

माझा हिशोब ऑक्टोबर २०२४ ला पूर्ण होत होता. पण त्या वर्षी गुढीपाडव्याला, ९ एप्रिलला, संध्याकाळी गुढी उतरवायला आई स्टुलावर चढली आणि पडली. बाबा नाहीत. दादा-वहिनी पुण्यात. शेजारच्या काकूंनी आवाज ऐकला म्हणून बरं. खुब्याचं हाड मोडलं होतं. मी ११ तारखेचं विमान धरलं आणि ४ जुलैला परत आले. मधले पूर्ण दिवस ८३. त्याआधी डिसेंबरात मामेबहिणीच्या लग्नाला गेले होते, ते १९. एकूण १०२.

ते शंभरपर्यंत सोडून देतात आणि माझे १०२ होते. लग्नातले दोन दिवस मी कमी केले असते तर अर्ज गेला असता, हा विचार मी किती वेळा केला ते सांगता येणार नाही. मग आम्ही ठरवलं, जानेवारीत करू, तोवर लग्नाचे दिवस मागे पडतील. ३ जानेवारीला दादाचा फोन आला, आईला न्यूमोनिया झालाय. दुसऱ्या दिवशी निघाले, आणखी २४ दिवस.

मुद्दा असा आहे. फॉर्मला त्या ८३ दिवसांत आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या ८३ दिवसांत फरक कळत नाही. अनुकंपेच्या कारणावरून जास्तीची गैरहजेरी माफ करायचा अधिकार अधिकाऱ्याला आहे, मार्गदर्शक सूचनांत तसं लिहिलेलं आहे. पण तो वापरला जाईल की नाही हे आधी कोणी सांगत नाही, आणि तेव्हाची १,५०० पाउंडांची फी पणाला लावून ते बघायची आमची ऐपत नव्हती. आई-वडिलांच्या आजारपणात काढलेले दिवस वेगळे धरले पाहिजेत, दवाखान्याचे कागद मागा, खुशाल मागा, पण ते सुट्टीच्या रकान्यात घालू नका. हे माझं ठाम मत आहे, आणि इथल्या खासदाराला मी तसं पत्रही लिहिलंय.

याची उलटी बाजूही त्याच कागदावर आहे. जून २०२० मध्ये बाबा गेले. मार्चपासून भारतात जाणारी नेहमीची विमानं बंद होती. ज्या थोड्या खास फेऱ्या सुरू झाल्या होत्या त्यांत मला जागा मिळाली नाही. दहावा, बारावा, तेरावा, सगळं मी फोनच्या पडद्यावर पाहिलं. दादा कृष्णेच्या घाटावर पिंडाला कावळा शिवायची वाट बघत उभा, आणि इथे मी ड्यूटीच्या कपड्यांत, ब्रेकरूममध्ये. फॉर्मच्या दृष्टीनं ते माझं सगळ्यात चांगलं वर्ष. २०२० मध्ये गैरहजेरी शून्य.

अर्ज शेवटी १२ मे २०२५ ला केला. तोवर एप्रिलमध्ये फी १,५०० वरून १,६०५ झाली होती. समारंभाचे १३० धरून माणशी १,७३५, दोघांचे ३,४७०. लेकीच्या नागरिकत्वाच्या नोंदणीचे आधीच १,२१४ गेले होते. ती इथेच जन्मली, पण तेव्हा आम्हा दोघांपैकी कोणाकडेच कायम वास्तव्य नव्हतं, म्हणून जन्मानं ती ब्रिटिश नाही. १९८३ पासून इथे नुसत्या जन्मानं नागरिकत्व मिळत नाही. मुलांच्या या फीबद्दल इथल्या कोर्टात मोठी लढाई झाली. २०१९ मध्ये हायकोर्टात उघड झालं की एका मुलाच्या नोंदणीला सरकारला ३७२ पाउंड खर्च येतो आणि घेतात १,०१२. मुलांच्या हिताचा विचार न करताच फी ठरवली म्हणून कोर्टानं सरकारला दोषी धरलं. त्यानंतर २०२२ ला सुप्रीम कोर्टानं, संसदेनं मंत्र्याला अशी फी ठरवायचा अधिकार दिलाय, असा निकाल दिला. फी तर पुढे वाढलीच. ज्या पोराला दुसरं घरच माहीत नाही त्याच्याकडून नफा घेणं मला मुळीच पटत नाही.

आमचा अर्ज गेला त्याच दिवशी सरकारची श्वेतपत्रिका आली. कायम वास्तव्यासाठी पाच वर्षांऐवजी दहा वर्षं करायचा प्रस्ताव तिच्यात होता. आमच्या विभागात २०२२-२३ मध्ये आलेल्या दोघी मुली आहेत, एक केरळची, एक नाशिकची. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दोघींनी डबा उघडला नाही.

या देशाच्या माहितीची एक परीक्षाही द्यावी लागते, 'लाइफ इन द यूके' नावाची. तिच्याबद्दल फार लिहीत नाही. २४ प्रश्न, ४५ मिनिटं, १८ बरोबर हवेत, फी ५० पाउंड. ती मी आयएलआरच्या वेळीच दिली होती, एकदा पास झालं की झालं. अभ्यासाचं पुस्तक मात्र नीट वाचा. त्यात १८१० मध्ये लंडनमध्ये पहिलं करी हाउस काढणाऱ्या शेख दीन महंमदची माहिती आहे, ती वाचून मला आनंद झाला. आणि साम्राज्याचं कॉमनवेल्थमध्ये रूपांतर बहुतांशी सुरळीत झालं, असंही त्याच पुस्तकात आहे. ते वाक्य मी पाठ केलं, कारण परीक्षा होती. पण १९४७ मध्ये काय झालं हे शाळेत शिकलेल्या माणसाला ते खरं म्हणून गिळता येत नाही. २०२० मध्ये इथल्याच पावणेदोनशेच्या वर इतिहासकारांनी त्या पुस्तकातल्या साम्राज्य आणि गुलामगिरीच्या मांडणीवर जाहीर आक्षेप घेतला होता. तो योग्यच होता.

आता "देश सोडला" याबद्दल.

७ मे २०२४ ला सातारा लोकसभेचं मतदान होतं. मी आईजवळच होते. परदेशात राहणारी भारतीय नागरिक म्हणून माझं नाव यादीत होतं, त्यासाठीचा फॉर्म ६-अ आधीच भरला होता. अशा मतदाराला केंद्रावर मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. दाखवला, बोटाला शाई लागली, मत दिलं. ४ जुलैला सकाळी हीथ्रोला उतरले, त्याच दिवशी इथली सार्वत्रिक निवडणूक. भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे इथे राहणाऱ्या भारतीय नागरिकाला इथे मतदान करता येतं, त्यासाठी ब्रिटिश व्हावं लागत नाही. ओळखपत्र म्हणून तोच भारतीय पासपोर्ट चालतो. संध्याकाळी शाळेतल्या केंद्रात गेले, दोरीला बांधलेली पेन्सिल उचलली आणि फुली मारताना दिसलं, नखाच्या टोकाशी साताऱ्याची शाई अजून शिल्लक होती.

दोन महिन्यांत एका पासपोर्टवर दोन देशांत मत. ब्रिटिश झाल्यावर यातलं एक मत गेलं, आणि जे मिळालं ते माझ्याकडे आधीपासून होतं. मग नागरिकत्व का घेतलं?

कारण आयएलआर दोन वर्षं सलग बाहेर राहिलं की रद्द होतं. आई ७४ वर्षांची आहे. इथे ती यायला तयार नाही, आणि तिनं यावं म्हटलं तरी वृद्ध आई-वडिलांचा व्हिसा मिळणं जवळजवळ अशक्य आहे. उद्या तिला खरंच माझी गरज लागली तर मी दोन महिन्यांसाठी जाईन की तीन वर्षांसाठी, हे आज सांगता येत नाही. तारखा न मोजता जाता यावं आणि लेकीचं शिक्षण, नवऱ्याची नोकरी, आमचं घर जिथे आहे तिथे परतही येता यावं, हे दोन्ही भारतीय पासपोर्ट आणि आयएलआरवर होत नव्हतं. ब्रिटिश पासपोर्ट आणि ओसीआयवर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयाला भारत सरकार देतं त्या कार्डावर, होतं. वाईला हवं तितकं राहता यावं म्हणून मी ब्रिटिश झाले. ज्यांनी ग्रुपवर लिहिलं त्यांनी हे एकदा मला विचारायला हवं होतं.

१९५५ च्या आपल्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ सांगतं, दुसरं नागरिकत्व स्वखुशीनं घेतलंत की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. ब्रिटनला दोन्ही चालतात, आपल्याला चालत नाही. त्यामागचा १९५० च्या दशकातला विचार मी समजू शकते, पण आज तो बदलायला हवा असं मला वाटतं. ओसीआय चांगलं आहे, आयुष्यभराचा व्हिसा आहे, पण मत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. बाबांच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून आईचं, दादाचं आणि माझं नाव लागलंय, ते तसंच राहतं. वारशाची जमीन ठेवता येते. यावरून गावाकडे पुष्कळ गैरसमज आहेत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

समारंभ कौन्सिलच्या कचेरीत होता. मंजुरीचं पत्र आल्यापासून तीन महिन्यांत जावं लागतं. पहिला असा समारंभ २६ फेब्रुवारी २००४ ला लंडनच्या ब्रेंट भागात झाला, आपलं महाराष्ट्र मंडळ आहे त्याच भागात, आणि तेव्हाचे युवराज चार्ल्स हजर होते. आता शपथ त्यांच्याच नावाची असते. आपल्याकडे मंत्री घेतात तशीच निवड इथेही आहे, ईश्वरसाक्ष किंवा गांभीर्यपूर्वक. मी ईश्वरसाक्ष घेतली. घशात आवाज अडकला होता, पण प्रत्येक शब्द मनापासून म्हटला. या देशानं मला काम दिलं, लेक दिली, आणि बाबा गेले त्या दिवशी माझी उरलेली ड्यूटी न सांगता वाटून घेणारी माणसं दिली. माझी ओळख पटवून अर्जावर सही करणाऱ्या दोघांपैकी एक त्यांच्यातलीच आहे.

ज्यांचं पुढे आहे त्यांना एकच कळकळीचं सांगणं. समारंभाची तारीख घरची परिस्थिती बघून घ्या. प्रमाणपत्र हातात पडलं की भारतीय पासपोर्ट वापरता येत नाही, आणि ब्रिटिश पासपोर्ट यायला काही आठवडे जातात. त्या मधल्या काळात घरून फोन आला तर तुम्ही अडकता. ते आठवडे मी रोज रात्री फोन उशाशी घेऊन झोपले.

जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत आलाय. ओसीआय अजून यायचंय, म्हणून या वेळी ई-व्हिसावर जाते आहे. त्या फॉर्ममध्ये आईचं नाव, जन्मगाव आणि राष्ट्रीयत्व विचारतात, आणि भारतातल्या एका ओळखीच्या व्यक्तीचं नाव, पत्ता, फोनही मागतात. तिथेही मी आईचंच नाव लिहिलं.

१९ मार्चला पाडवा आहे. काठी माळ्यावरून दादानं काढून ठेवलीय, गाठी आणि कडुलिंब काकू आणणार आहेत. स्टुलावर मी चढणार आहे.