शुगर-फ्री चीजकेकपेक्षा आपला चक्का बरा

चीजकेकसाठी आता सांगलीकरांना पुण्याची वाट बघावी लागत नाही. विश्रामबागेतल्या कॅफेत मिळतो, घरून ऑर्डर घेणाऱ्या कितीतरी बायका सुरेख करतात, आणि वाढदिवसाला क्रीमच्या केकऐवजी हाच हवा म्हणून हट्ट धरणारी मुलं तर घरोघर आहेत. मला याचा फार आनंद आहे. आंबटगोड, दाट, जिभेवर हळूहळू विरघळणारा हा पदार्थ मला मनापासून आवडतो आणि वजन सांभाळत असतानाही मी तो सोडलेला नाही. पण त्याच्यासोबत ‘शुगर-फ्री’, ‘गिल्ट-फ्री’, ‘डाएट’ अशी जी लेबलं आली आहेत, त्यांच्याविषयी आज सविस्तर लिहायचंय. ती बघून माणसं गाफील राहतात.

मुळात चीजकेकमधल्या बहुतेक कॅलरी साखरेच्या नसतातच, त्या स्निग्धांशाच्या असतात. एक ग्रॅम साखरेत ४ कॅलरी, एक ग्रॅम फॅटमध्ये ९. आता घरच्या एका साच्याचा हिशेब मांडून बघा. ५०० ग्रॅम क्रीम चीज म्हणजे साधारण १७०० कॅलरी. १५० ग्रॅम साखरेच्या ६००. तळाला १५० ग्रॅम बिस्किटांचा चुरा, त्याच्या ७००, आणि तो बांधायला ७० ग्रॅम लोणी, त्याच्या ५००. तीन अंडी आणि थोडं फ्रेश क्रीम मिळून आणखी साडेचारशे. एकूण झाल्या ३९५०. दहा तुकडे केले तर एकेक तुकडा चारशेच्या घरात जातो.

यातली साखर पूर्ण काढा आणि सुक्रालोज हा कृत्रिम गोडवा घाला. तुकड्यामागे फक्त ६० कॅलरी कमी झाल्या, बाकीच्या जिथल्या तिथे. तरी ‘शुगर-फ्री’ वाचून माणूस निर्धास्तपणे दुसरा तुकडा उचलतो आणि एकाच्या जागी जवळजवळ दुप्पट खाऊन बसतो. मधुमेह असलेल्यांची मला जास्त काळजी वाटते, कारण तळाच्या बिस्किटात मैदा असतो, बहुतेक वेळा साखरही असते, आणि वरच्या थराला शुगर-फ्री म्हटल्याने ती कुठे जात नाही. काही ठिकाणी साखरेऐवजी माल्टिटॉल घालतात. त्यातही ग्रॅममागे सुमारे दोन कॅलरी असतात, रक्तातली साखर थोडीफार वाढतेच, आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्येच सांगितलंय की वजन आटोक्यात ठेवायला सुक्रालोजसारख्या गोडव्यांवर भिस्त ठेवू नका. (हा सल्ला ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांना लागू नाही, त्यांनी आपल्या डॉक्टरांनाच विचारावं.)

दहा किंवा त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांना आता मेनूवर कॅलरी छापाव्या लागतात. आपल्याकडच्या छोट्या कॅफेंना आणि घरगुती बेकर्सना तो नियम नाही, आणि मला वाटतं असूही नये. एकटी बाई घरून काय काय सांभाळणार? पण त्यामुळे हिशेब आपल्यालाच करावा लागतो, आणि तो येणं अजिबात अवघड नाही.

माझ्या लेखी यावरचा खरा उपाय आपल्या दूधवाल्याकडे आहे: क्रीम चीजऐवजी चक्का. क्रीम चीज हा चीजकेकमधला उशिरा आलेला पाहुणा. ते अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात १८७२ च्या सुमारास तयार झालं आणि न्यूयॉर्कच्या दाट चीजकेकने जग जिंकलं. त्याच्या कितीतरी आधीपासून लोक चीजकेक करताहेतच. इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकात केटो नावाच्या रोमन माणसाने चीज, पीठ आणि एक अंडं एकत्र करून पानांवर भाजायची कृती लिहून ठेवलीय, आणि त्यात साखरेचं नाव नाही. इटलीत आजही रिकोटा या मऊ चीजचा करतात. जर्मनीत घरोघरी होतो तो क्वार्कचा. क्वार्क म्हणजे आंबवलेल्या दुधातलं पाणी निथळून उरलेला पांढरा, मऊ, किंचित आंबट गोळा. आपल्या चक्क्याचा अगदी सख्खा भाऊ. म्हणून कुणी चक्क्याच्या चीजकेकला ‘गरिबाचा’ किंवा ‘डाएटवाला’ म्हटलं की मला राग येतो. तो कशाचीही नक्कल नाही, चीजकेकच्या जुन्या घराण्यातलाच आहे.

आणि हे आपण सांगलीत म्हणायचं नाही तर कुणी? भिलवडीला १९३९ पासून चितळ्यांची डेअरी आहे, जिल्ह्यातल्या गावागावात सकाळ-संध्याकाळ दूध संकलन चालतं, आणि पाडवा-दसऱ्याला चक्क्यासाठी डेअरीसमोर रांगा लागतात. त्या चक्क्यात आपण जवळपास त्याच्याच वजनाची साखर घालून श्रीखंड करतो आणि पुरीबरोबर दोन वाट्या सहज संपवतो. चीजकेकमध्ये साखर त्याच्या पावपट पुरते.

मी करते ते असं. दीड लिटर टोन्ड दुधाचं दही लावायचं, मलमलच्या फडक्यात बांधून रात्रभर टांगायचं. अर्धा किलोच्या आसपास घट्ट चक्का मिळतो. त्या सगळ्या दुधात मिळून ८७० कॅलरी असतात, आणि त्यातल्याही थोड्या निवळीबरोबर जातात (निवळी टाकू नका, कणीक भिजवा). म्हशीच्या घट्ट दुधाचा चक्का घेतलात तर चव राजेशाही येते, पण ही बचत बरीचशी संपते, तेव्हा सणाला तो आणि एरवी हा. चक्का चाळणीवर घासून घ्यायचा, १२० ग्रॅम साखर, तीन अंडी, दोन चमचे कॉर्नफ्लोअर, लिंबाची किसलेली साल. कॉर्नफ्लोअर वगळू नका, चक्का भाजताना पाणी सोडतो आणि ते यानेच धरून ठेवलं जातं. फेटताना हवा भरायची नाही, नुसतं एकजीव करायचं. तळाला ८० ग्रॅम बिस्किटं आणि ३० ग्रॅम लोणी पुरतं, थर पातळच हवा. ओव्हन १६० अंशांवर, साचा गरम पाण्याच्या ताटात ठेवून. कडा धरल्या आणि मधला भाग अजून थरथरतोय, की ओव्हन बंद करून दार किंचित उघडं ठेवायचं आणि आतच गार होऊ द्यायचं. घाईने बाहेर काढला की वर भेगा पडतात. मग रात्रभर फ्रीज. या साच्याची बेरीज २२०० च्या आसपास येते, म्हणजे तुकडा २२० चा. साखर खरी, लोणी खरं, अंडी खरी, आणि कॅलरी जवळजवळ निम्म्या.

आमच्या आजूबाजूला जैन घरं बरीच, त्यामुळे बिनअंड्याचं विचारणाऱ्या मैत्रिणीही बऱ्याच. अंड्याऐवजी कॉर्नफ्लोअर वाढवा, चक्का छान धरतो. कंडेन्स्ड मिल्कचा अख्खा डबा मात्र ओतू नका, ४०० ग्रॅमच्या डब्यात तेराशेच्या आसपास कॅलरी असतात आणि सगळं केलेलं वाया जातं. न भाजता थंड सेट करायचा असेल तर जिलेटिनऐवजी चायना ग्रास.

वर काय घालायचं? थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आपल्या मंडईत येते, तिच्या १०० ग्रॅममध्ये जेमतेम ३२ कॅलरी. ताजी चिरून ठेवा, बाटलीतला क्रश नको, तो मुख्यतः साखरेचा पाक. तासगावचा बेदाणा माझा लाडका, पण तोही ओंजळीने घालायचा नाही, १०० ग्रॅममध्ये ३०० कॅलरी असतात.

कॅफेत जाऊन खायचा तर खुशाल खरा न्यूयॉर्क चीजकेक घ्या, बास्क घ्या. हा बास्क १९९० च्या सुमारास स्पेनमधल्या सान सेबास्तियानच्या ला विन्या नावाच्या ठिकाणी सुरू झाला. त्याला बिस्किटाचा तळ नसतो, पण क्रीम भरपूर असतं, त्यामुळे हलका समजून फसू नका. तिघींत एक मागवा, किंवा त्या संध्याकाळचं जेवण हलकं ठेवा. घरी केलेला कापून, एकेक तुकडा गुंडाळून फ्रीझरमध्ये टाका, भाजलेला चीजकेक तिथे चांगला टिकतो. खायच्या आधी वितळवून थोडा वेळ बाहेर ठेवा. फार थंड असला की गोडी कमी लागते आणि आपण विनाकारण साखर वाढवत नेतो.

सकाळी आमराईत फिरताना आमच्या बायकांचं बोलणं कानावर येतं: “काल पाप केलं गं, केक खाल्ला.” सोबत कुणाची तरी बारा-तेरा वर्षांची लेक असते, ती ऐकत असते. तिच्यासमोर असं बोलू नका, कळवळून सांगते. तिला हिशेब शिकवा, चक्का बांधायला शिकवा, तुकडा किती मोठा कापायचा ते दाखवा. या वयात खाण्याची लाज मनात शिरली की ती मुलगी चोरून खायला लागते, आणि चोरून खाल्लेल्याचा हिशेब कुणीच ठेवत नाही.

पाडवा-दसरा सोडून एरवीही गायीच्या दुधाचा ताजा चक्का देणारी डेअरी सांगली-मिरजेत कुणाला माहीत असेल तर नक्की सांगा. दही टांगायला सगळ्यांनाच वेळ होत नाही, आणि मला ही कृती नोकरी करणाऱ्या मैत्रिणींपर्यंत पोचवायची आहे.