कोर्स मागण्याआधी एक दिवस अंगणवाडीत बसा

मी ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करून पोट भरते, त्यामुळे पुढचे विधान माझ्याच धंद्याच्या मुळावर येणारे आहे. आमच्याकडे जे कोर्स मागितले जातात, त्यांतल्या बऱ्याच कोर्सची गरज कोणी तपासलेलीच नसते. काम नीट होत नाही म्हणजे प्रशिक्षण कमी पडते आहे, हे गृहीत धरूनच फोन येतो आणि व्हिडिओ किती मिनिटांचे असावेत इथूनच बोलणी सुरू होतात.

मागच्या वर्षी एका संस्थेने अंगणवाडी सेविकांसाठी मुलांच्या वजन-उंचीच्या नोंदींवर सहा तासांचा कोर्स मागितला. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर भरलेली उंची महिन्या-महिन्याला वर-खाली होत होती. काही मुले तर कागदोपत्री चक्क बुटकी होत चालली होती. गरज तपासली आहे का, असे विचारल्यावर गूगल फॉर्मचा निकाल आला. ‘खालीलपैकी कोणत्या विषयांवर प्रशिक्षण हवे?’ या प्रश्नाखाली बहुतेक सेविकांनी सगळ्याच चौकोनांत खूण केली होती. करणारच. फॉर्म वरून आलेला. ‘मला गरज नाही’ असे लिहून आगाऊ कोण ठरेल?

म्हणून मी मुख्यसेविकेच्या स्कूटीवर मागे बसून एका पाड्यावर गेले आणि वजन-उंचीच्या दिवशी अंगणवाडीच्या कोपऱ्यात बसून राहिले. दोन वर्षांखालच्या मुलाला आडवे झोपवून मोजायचे आणि त्यापुढच्याला उभे करून, कारण एकाच मुलाची आडवी लांबी उभ्या उंचीपेक्षा साधारण ०.७ सेंटीमीटर जास्त भरते, हे तिथल्या सेविका ताईंनी मी न विचारताच सांगितले. अडचण ज्ञानाची नव्हतीच. आडव्या फळीवर मूल मोजायला दोन माणसे लागतात. एकाने डोके वरच्या फळीला टेकवून धरायचे आणि दुसऱ्याने गुडघे हलके दाबून पाय सरळ करायचे, सरकती फळी तळव्यांना भिडवायची आणि आकडा वाचायचा. इथे मदतनिसाची जागा रिकामी होती. चौदा महिन्यांचे पोर पाठीची कमान करून रडत होते, ताईंनी एका हाताने त्याची छाती धरली, दुसऱ्या हाताने फळी ओढली आणि गुडघे वाकलेलेच राहिले. मी दारातल्या आजींना डोके धरायला बसवले आणि पुन्हा मोजायला लावले, तेव्हा दीड सेंटीमीटरचा फरक निघाला. हा फरक किरकोळ नाही, कारण लांबी कमी भरली की तेवढ्या लांबीला वजन पुरेसे दिसते आणि ‘सॅम’मध्ये, म्हणजे तीव्र कुपोषितांत, धरायचे मूल ‘मॅम’मध्ये, म्हणजे मध्यम कुपोषितांत, आणि ‘मॅम’मधले साधारण मुलांत जाऊन बसते.

माझ्या सहा तासांच्या कोर्सने इथे काय केले असते? ताईंना जे येते तेच पुन्हा शिकवले असते, आणि तेही रात्री भांडी आवरल्यावर, कारण दिवसा फोन नोंदींत अडकलेला आणि संध्याकाळी मुलीच्या अभ्यासाला दिलेला. ऑनलाइन कोर्सच्या बाबतीत ‘फोन कुणाच्या हातात, किती वाजता’ हा प्रश्नही गरजेच्या तपासणीतच बसतो. तो कोर्स तयार झाल्यावर विचारायचा नसतो.

मॅकगी आणि थेयर या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६१ मध्येच संस्था, काम आणि व्यक्ती अशा तीन पातळ्यांवर गरज तपासण्याची पद्धत मांडली होती. आपल्याकडे पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट व्यक्तीवर येतात, कारण ‘सेविकेला येत नाही’ हे निदान सगळ्यांत स्वस्त पडते आणि वरच्या कुणालाच ते झोंबत नाही.

याचा अर्थ शिकवण्यासारखे काहीच नव्हते असा मात्र नाही. दोन्ही पावलांवर सूज असलेले मूल, वजन कितीही भरो, तीव्र कुपोषितच धरायचे, ही व्याख्या त्या बीटमधल्या, म्हणजे त्या मुख्यसेविकेच्या हाताखालच्या अंगणवाड्यांतल्या, ज्या सेविकांना मी भेटले त्यांना तोंडपाठ होती. पण पावलाच्या वरच्या बाजूला अंगठा तीन सेकंद दाबून खड्डा राहतो का, हे प्रत्यक्ष कुणीच करून पाहिलेले नव्हते. खड्डा कसा दिसतो ते सांगून कळत नाही, बघूनच कळते. इथे व्हिडिओला खरोखर काम आहे.

मी दोन गोष्टी लिहून दिल्या. सुजेच्या तपासणीचा आठ मिनिटांचा व्हिडिओ करावा, आणि मोजणीच्या दिवशी प्रत्येक अंगणवाडीत दुसरे माणूस हजर राहील अशी सोय लावावी, मग ती आशाताई असो वा मुलाची आजी. व्हिडिओवर लगेच उत्तर आले की, आठ मिनिटांच्या कोर्सचे प्रमाणपत्र कसे द्यायचे? दुसऱ्या माणसाबद्दल अजून कुणी काही विचारलेले नाही.