वसिष्ठ-अरुंधतीचं वजन कोणी केलं?

लग्नसराई आली की हा मेसेज पुण्यातल्या ग्रुपांवर फिरू लागतो. यंदा आत्याने पाठवला: "वसिष्ठ आणि अरुंधती हे समान वजनाचे तारे एकमेकांभोवती फिरतात. आपल्या ऋषींनी हे हजारो वर्षांपूर्वी मोजलं होतं." तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहितो.

आधी 'एकमेकांभोवती फिरतात'. दोघं आपल्यापासून सुमारे ८० प्रकाशवर्षं दूर. त्यांच्यातलं अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या निदान १७ हजार पट. ते गुरुत्वाकर्षणाने बांधलेले असावेत, पण मग एका फेरीला काही लाख वर्षं लागणार. त्या कक्षेचा बारीकसा तुकडाही अजून कोणी पाहिलेला नाही. आणि कक्षा मोजलेली नसेल तर तिच्यावरून वजनही काढता येत नाही.

'समान वजनाचे' हेही चूक. अरुंधतीचा मुख्य तारा सूर्याच्या पावणेदोन-दोन पट. वसिष्ठ म्हणजे चार तारे मिळून, तिच्यापेक्षा कितीतरी जड.

पण समान वजनाची जोडी तिथे खरोखरच आहे! ती वसिष्ठाच्या आत आहे. १८८९ साली हार्वर्डचे खगोलशास्त्रज्ञ पिकरिंग यांनी जाहीर केलं की, वसिष्ठाच्या वर्णपटातल्या (म्हणजे रंगांत फाकवलेल्या प्रकाशातल्या) काळ्या रेषा कधी एकेरी दिसतात, कधी दुहेरी. एक तारा आपल्याकडे येत असतो तेव्हा दुसरा लांब जात असतो, म्हणून त्यांच्या रेषा विरुद्ध बाजूंना सरकून फाकतात. फेरी साडेवीस दिवसांची. जड तारा हळू हलतो, हलका जोरात; इथे दोघांचे वेग जवळजवळ सारखे, म्हणून वजनंही सारखी. तरी नुसत्या वेगांवरून खरं वजन मिळत नाही, कारण कक्षा आपल्याकडे किती कललेली आहे ते रेषा सांगत नाहीत. तो कल पुढे व्यतिकरणमापकाने (वेगवेगळ्या आरशांवरचा प्रकाश एकत्र करून अगदी जवळचे तारे सुटे दाखवणाऱ्या यंत्राने) कळला आणि कक्षेचा आकार, फेरीचा काळ आणि वजन यांची सांगड घालणाऱ्या केप्लरच्या नियमावरून उत्तर आलं: प्रत्येकी सूर्याच्या सव्वादोन ते अडीच पट.

राहिला 'ऋषींनी मोजलं'. मेसेजात एकही श्लोक दिलेला नाही. आपल्याकडे अरुंधतीदर्शनन्याय आहे: आधी ठळक तारा दाखवायचा, मग त्याच्या आधाराने शेजारचा अंधुक. हे बारीक निरीक्षण आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो. वजनमाप मात्र त्यात नाही.

वैशाखात रात्री नऊच्या सुमारास सप्तर्षी उत्तरेला छान वर असतात. आत्याला पर्वतीवर लहान दुर्बीण घेऊन बोलावलं आहे. वसिष्ठाचे दोन ठिपके तिला सहज सुटे दिसतील. त्यातल्या ठळक ठिपक्यातच ती साडेवीस दिवसांची जोडी आहे.