‘नंबराला नंबर’ आणि डीफ्रॉस्ट टायमर : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. (‘काका’ म्हटलेलं चालेल ना? तीस वर्षं फ्रीज दुरुस्त करताय असं लिहिलंत, त्यावरून अंदाज बांधला.)

घरच्या फ्रीजचा डीफ्रॉस्ट टायमर स्वतः बदलल्याच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला, हे कबूल करतो. तुम्ही माझं एकच वाक्य धरलंत: ‘जुन्या टायमरच्या 1 ची वायर नव्याच्या 1 ला, 2 ची 2 ला, नंबराला नंबर जुळवा की झालं.’ या सल्ल्यानं लोकांचे फ्रीज बंद पडतील, म्हणालात. शिवाय जुना टायमर खरोखर गेला होता याची मी खात्री केली नाही, आणि असले लेख म्हणजे कारागिरांच्या पोटावर पाय, असंही.

राग दोन दिवसांत उतरला, कारण वाक्य चुकीचंच आहे. का, ते इतर वाचकांसाठी सविस्तर लिहितो.

फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये फ्रीझरच्या मागच्या पत्र्याआड थंडावा देणारी कॉइल असते आणि तिच्यावर बर्फ साचत जातो. दर काही तासांनी टायमर कॉम्प्रेसर थांबवतो आणि कॉइलखालच्या हीटरला करंट देतो; हाच डीफ्रॉस्ट. बर्फ वितळून कॉइल पुरेशी तापली की बायमेटल (तापल्यावर आपोआप तुटणारा स्विच) हीटर तोडतो. थोड्या वेळानं टायमर पुन्हा कॉम्प्रेसरवर येतो. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या चार पिनांच्या टायमरमध्ये 3 वर फेज येते, 4 कॉम्प्रेसरकडे जाते, 2 हीटरकडे. टायमरच्या आत एक चिमुकली मोटर असते. तिचं एक टोक 1 वर येतं. दुसरं टोक कुठे? सगळी भानगड इथेच आहे. काही टायमरांत ते आतून 3 ला जोडलेलं असतं, काहींत 4 ला. बाहेरून दोन्ही जुळे भाऊ. डबी तीच, पिना त्याच, नंबरही तेच.

आता समजा फ्रीजमध्ये 1 ची वायर सरळ न्यूट्रलला गेली आहे आणि दुकानदारानं 4 वाला टायमर हातात ठेवला. जोडल्याबरोबर फ्रीज मस्त चालू होतो. आपण स्वतःची पाठ थोपटून घेतो. काही तासांनी टायमर डीफ्रॉस्टवर जातो आणि तिथेच बसतो, कारण 3 आणि 4 चा संबंध तुटल्यावर मोटरच्या एका टोकाला थेट न्यूट्रल आणि दुसऱ्याला कॉम्प्रेसरमधून आलेला न्यूट्रलच. मोटर फिरणार कशावर? सकाळी आत दिवा लागलेला, खाली कॉम्प्रेसर गप्प आणि दूध नासलेलं. माझ्या बाबतीत असं झालं नाही, कारण दुकानदारानं जुन्यावरचा पूर्ण मॉडेल नंबर बघून तोच टायमर दिला. त्यात हुशारी त्याची होती, लेखात श्रेय मी घेतलं.

हे मीटरवर ओळखता येतं, पण त्यातही एक खोच आहे. टायमर सुटा, हातात. 1 आणि 3 मध्ये मोजलं की काही हजार ओहम दिसतात. मी तेवढ्यावर समाधान मानलं असतं. पण कूलिंगच्या स्थितीत 3 आणि 4 आतून जोडलेलेच असतात, म्हणजे दोन्ही जातींचे टायमर तेच रीडिंग देणार. स्क्रूड्रायव्हरनं दांडी घड्याळाच्या दिशेनं ‘टक्’ होईपर्यंत फिरवायची, डीफ्रॉस्टवर आणायची आणि मग पुन्हा 1-3 मोजायचं. रीडिंग तसंच राहिलं तर मोटर 3 ला. गायब झालं तर 4 ला. जुना आणि नवा, दोघांचंही हे करून बघायचं. जुन्याच्या मोटरची कॉइलच जळालेली असेल तर मात्र ही युक्ती निकामी. मग लेबलवरची आकृती आणि फ्रीजच्या पाठीवरचा वायरिंगचा कागद.

टायमर खरंच गेला होता का, यावर तुमचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. माझ्या फ्रीजमध्ये 1 ची वायर न्यूट्रलला जात नाही, ती बायमेटल आणि हीटरच्या मधल्या जोडावर जाते. म्हणजे एरवी मोटरचा करंट हीटरमधून जातो. (हीटर तापत नाही, कारण मोटरच्या हजारो ओहमपुढे त्याचे काहीशे ओहम किरकोळ.) अशा फ्रीजमध्ये हीटर किंवा त्याच्या लायनीतला थर्मल फ्यूज (फार तापल्यावर उडणारा) उडाला की टायमरही फिरायचा थांबतो, आणि धडधाकट टायमर कचऱ्यात जातो. मी हीटर तपासला होता, पण तो वेगळा दोष म्हणून. त्याचा टायमरशी असा संबंध आहे हे तुमच्यामुळे कळलं.

तरी माझा जुना टायमर मी फेकला नव्हता. मीटरवर मोटरची कॉइल शाबूत निघाली आणि पोटात गोळा आला. शेवटी कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकवाल्याकडे नेला, त्यानं सिरीज बोर्डावर (मध्ये बल्ब घालून करंट देणाऱ्या तपासणीच्या बोर्डावर) लावला, दांडीवर आणि डबीवर मार्करनं एक रेघ मारली. दुपारी लावलेला, दुकान बंद होईपर्यंत रेघ जागची हलली नाही. आतलं गिअर गेलं असणार. तेव्हा निदान बरोबर होतं, पण ते लेख लिहिताना मला माहीत नव्हतं, नशिबानं बरोबर निघालं, हेही खरं.

पोटावर पाय हे मात्र मला पटत नाही. प्लग काढून, मागचा पत्रा उघडून बर्फ कुठे साचलाय ते बघणं, हीटर-बायमेटलची कंटिन्युइटी (आतून तुटलेलं नाही ना ते मीटरवर) घेणं हे घरच्या माणसाला कळलं तर कारागिराचं काय जातं? उलट ‘गॅस भरावा लागेल’ असं पाहताक्षणी सांगणाऱ्याला चार प्रश्न तरी विचारता येतात. तुम्ही तसे नाही, पण मला तसे भेटलेत. यूट्यूबच्या व्हिडिओंबद्दल तुम्ही म्हणालात ते अर्धं मान्य: बरेच व्हिडिओ अमेरिकेतले, तिथे 120 व्होल्ट, आणि काळी वायर म्हणजे फेज. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे न्यूट्रल. रंगावर विसंबून हे काम करूच नये.

मूळ लेखातलं ते वाक्य पुसलेलं नाही, वर आडवी रेघ मारून खाली दुरुस्ती लिहिली आहे. आणखी एक भर घातली: बर्फ सुरीनं टोकरू नका. कॉइलला भोक पडलं तर गॅस गेला, आणि फ्रीजमधला गॅस आर-600ए जातीचा असेल तर तो पेट घेणारा आहे.

फोटोत वायरच्या जोडांवर दिसणाऱ्या साध्या टेपबद्दल तुम्ही जे बोललात, ते घरी बायकोनंही वाचलं. ओलीत ती टेप सुटणार हे मान्य. कनेक्टर आणून ठेवलेत, रविवारी बसवतो.