काडतुसाच्या जुन्या पेटीला खोबरेल? मुळीच नको

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: जुनी लष्करी काडतूसपेटी तेलात मुरवा, हिरवं साचलेलं लिंबू-मिठाने घासा, आत मूळ काडतुसं भरून ठेवा म्हणजे भाव वाढतो, आणि 'यूएस' छाप असेल तर माल अस्सल. तो वाचून मामेभाऊ 1874 च्या नमुन्याच्या मॅकीव्हर पेटीवर, म्हणजे अमेरिकी सैनिकांच्या चामडी काडतूसपेटीवर, खोबरेल ओतायला निघाला होता, म्हणून हे लिहावं लागतंय.

सगळ्यात घातक सल्ला तेलाचा. रोज वापरातल्या खोगिराला तेल लागतं, एवढं मान्य. पण कपाटातल्या पेटीला ना घाम लागतो ना पाऊस. तेल आत जाऊन हळूहळू हवेने घट्ट होतं, चामडं काळवंडतं, धूळ धरतं, बुरशीला आयतं खाद्य मिळतं. खोबरेल तर 24 अंशांच्या खाली गोठतं, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात वर पांढरा थर येणार. अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिस या सरकारी खात्याच्या, जुन्या वस्तू जपण्यावरच्या 'कन्झर्व्ह ओ ग्राम' मालिकेत 1993 साली याच प्रश्नावर पत्रक निघालं. संग्रहातल्या चामड्याला तेल लावल्याने त्याचं आयुष्य वाढत नाही, असं ते सांगतं.

शिवाय ते हिरवं येतं कुठून? कल्हई उडालेल्या पितळेत ताक कळकतं, तसंच हे. चामड्यातली चरबी आणि आम्लं तांब्याच्या रिव्हेटला, पितळी खुंटीला खातात. म्हणजे तेल ओतायचं आणि मग हिरवं वाढलं म्हणून घासत बसायचं! लिंबाने धातूचा जुना रंग जातो आणि आम्ल चामड्यात मुरतं ते वेगळंच. बांबूच्या टोकदार काडीने कोरडं खरवडा, उरलेलं व्हाइट स्पिरिटमध्ये (रंग पातळ करायचं द्रावक) जेमतेम ओलावलेल्या कापसाच्या बोळ्याने टिपा. आधी झाकणाच्या आतल्या बाजूला रंग सुटतो का ते पाहा.

चामड्याची लाल भुकटी बोटाला लागत असेल तर तेलाने ती थांबत नाही, नुसता चिखल होतो. तिथे अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं 1 ते 2 टक्के क्लूसेल-जी (भुकटी धरून ठेवणारा सेल्युलोजचा पदार्थ) मऊ ब्रशने लावतात, तेही रंगाची चाचणी करूनच. पेटीत आम्लविरहित कागद सैलसर भरा, खोलीतली आर्द्रता 45 ते 55 टक्क्यांत ठेवा.

काडतुसं आत ठेवायचा सल्ला तर ज्याने दिला त्याने इतिहास उघडूनही पाहिलेला नाही. काडतुसं अडकवायच्या चामडी फाशांत तांब्याची काडतुसं हिरवी पडून चिकटू लागली, म्हणून तर 1876 च्या प्रेअरी बेल्टला, म्हणजे लष्कराच्या काडतूसपट्ट्याला, फासे कॅनव्हासचे लावले. लष्कराने तेव्हाच टाकून दिलेली चूक तुम्ही भाव वाढेल म्हणून करणार? दाखवायचीच असतील तर लाकडी नमुने ठेवा. आणि सुट्टीला येताना सामानात एक जरी जिवंत काडतूस राहिलं, तर इथे भारतात विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो.

छापाबद्दल थोडक्यात. ठसा कुणीही पाडू शकतो, आणि हौशी मंडळींसाठी नकला भारतातही बनतात. वॉटरव्लीट किंवा रॉक आयलंड या अमेरिकी लष्करी शस्त्रागाराचं नाव, तपासनिसाची आद्याक्षरं आणि शिवण एकमेकांशी जुळतात का ते पाहा. कापलेली कड आतून निळसर-करडी दिसली तर चामडं बहुधा क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं आहे. त्या पद्धतीची व्यापारी पेटंटं 1884 ची, मग पेटी 1874 ची कशी असेल?