‘आज झाडं लावा, आजच मासे सोडा’ या मेसेजला उत्तर

माझ्या भाचीने एका रविवारी घरी माशांची ६० लिटरची टाकी लावली. झाडं, माती, दिवा आणि दहा निऑन टेट्रा मासे, सगळं एकाच दिवशी. पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारपर्यंत सात मेले होते. रात्री तिचा फोन आला. “मामा, पाणी तर एकदम स्वच्छ आहे, मग मरतायत का?” मासे कधी सोडले होते म्हणून विचारलं, तर म्हणाली, “त्याच दिवशी. मेसेजमध्ये तसंच लिहिलं होतं.”

तो मेसेज मलाही तीन वेगवेगळ्या लोकांकडून आला होता आणि तिन्ही वेळा मी काही न बोलता पुढे गेलो होतो. आता बोलायलाच हवं. ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: झाडं अमोनिया खातात, म्हणून झाडांच्या टाकीत पहिल्याच दिवशी मासे सोडायला हरकत नाही. शंका वाटलीच तर बॅक्टेरियाची बाटली ओता, सायकल (म्हणजे अमोनिया पचवणाऱ्या सूक्ष्मजीवांचं टाकीत बस्तान बसणं) लगेच पूर्ण होते. झाडं चोवीस तास ऑक्सिजन देतात, त्यामुळे फिल्टर आणि पंप हा वायफळ खर्च. दिवा जितका जास्त वेळ, तितकी झाडं निरोगी. पाणी स्वच्छ दिसतंय तोवर बदलू नका. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं की वापरायला तयार. आणि दर आठवड्याला चमचाभर मीठ टाका, रोग येत नाहीत.

सगळ्यात घातक मुद्दा पहिलाच आहे, म्हणून त्यावरच जास्त बोलतो.

मासा खातो त्या अन्नातल्या प्रथिनांमधला नायट्रोजन शेवटी अमोनिया होऊन बाहेर पडतो, आणि तो मुख्यतः कल्ल्यांमधून. म्हणजे मासा श्वास घेतोय तोवर टाकीत अमोनिया येतच राहणार. शिल्लक राहिलेलं खाणं आणि सडणारी पानं त्यात भर घालतात. जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत एका प्रकारचे सूक्ष्मजीव या अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया कल्ले जाळतो. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतो, त्यामुळे पाण्यात भरपूर ऑक्सिजन असला तरी मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत गुदमरतो. नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य. नव्या टाकीत हे सूक्ष्मजीव नगण्य असतात. ते जमायला, बाहेरून काही मदत नसेल तर, साधारण चार ते सहा आठवडे जातात. आधी अमोनिया चढतो, तो उतरायला लागला की नायट्राइट चढतो. म्हणून पहिला आठवडा निभावलेले मासे कित्येकदा तिसऱ्या आठवड्यात जातात, आणि घरच्यांना वाटतं काहीतरी रोग आला.

आता मेसेजमधलं अर्धसत्य. झाडं अमोनिया घेतात, हे खरं आहे. बहुतेक पाणवनस्पती नायट्रेटच्या आधी अमोनियमच (अमोनियाचंच पाण्यातलं कमी विषारी रूप) उचलतात. हॉर्नवर्ट, वॉटर स्प्राइट, हायग्रोफिला किंवा पाण्यावर तरंगणारी सॅल्व्हिनिया अशा भराभर वाढणाऱ्या झाडांनी टाकी पहिल्या दिवसापासून गच्च भरली, ती झाडं खरोखर वाढीला लागली आणि मग दोन-चारच मासे सोडले, तर अनुभवी माणूस सायकलची वाट न पाहता ते निभावून नेतो. मी पाहिलंय. पण तो माणूस रोज पाणी तपासत असतो आणि आकडा हलला की त्याच दिवशी पाणी बदलतो. मेसेजमध्ये यातलं अवाक्षर नाही. उलट त्यात नवशिक्यांसाठी सुचवलेली झाडं आहेत अनुबियास आणि जावा फर्न. दोन्ही चांगली, चिवट झाडं, पण महिन्याला एखाद-दुसरं पान काढणारी. असल्या पाच रोपांवर दहा माशांच्या अमोनियाचा भार टाकायचा?

आणि झाडं लावली म्हणजे ती लगेच कामाला लागली, हे तरी कुठे खरं आहे? विकायला येणारी पुष्कळ झाडं रोपवाटिकेत पाण्याच्या वर, दमट हवेत वाढवलेली असतात. ती पाण्याखाली गेली की हवेतली जुनी पानं टाकून देतात आणि पाण्याखालची नवी काढतात. क्रिप्टोकोरीन तर याबद्दल प्रसिद्धच आहे; आठवड्याभरात अख्खं झाड चिखल झाल्यासारखं विरघळतं आणि मग मुळांतून पुन्हा फुटतं. तेव्हा पहिले दोन-तीन आठवडे अशी झाडं अमोनिया खाण्याऐवजी स्वतःची पानं सडवून तो वाढवतही असतात. त्यातून तळाला अ‍ॅक्वासॉइल असेल तर पाहायलाच नको. या पोषक मातीपैकी कित्येक प्रकार पहिले काही आठवडे स्वतःच पाण्यात अमोनिया सोडतात. झाडांना ते हवंच असतं, पण माशांना नाही. भाचीच्या टाकीत नेमकी हीच माती होती. मी गेलो आणि पाणी तपासलं तेव्हा अमोनिया ४ पीपीएम (दहा लाख भागांत चार भाग) आणि नायट्राइट २ पीपीएम होता. दोन्ही आकडे शून्य असायला हवेत. पाणी मात्र काचेसारखं नितळ, कारण या दोन्ही गोष्टींना रंग नाही. ‘स्वच्छ दिसतंय तोवर बदलू नका’ या सल्ल्याचा समाचार इथेच संपतो.

एक गोष्ट मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊकच नसावी. अमोनिया किती विषारी ठरेल, हे पाण्याच्या पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे त्यावर, अवलंबून असतं. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपासच खऱ्या विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच वाटा पाच टक्क्यांच्या वर जातो. साधारण दहापट. म्हणून ‘माझ्याकडे तर असंच करून सगळे मासे जगले’ हा अनुभव खोटा नसला तरी दुसऱ्याच्या कामाचा नाही. त्याचं पाणी आम्लधर्मी असेल, तुमचं अल्कधर्मी. तोच आकडा त्याच्या माशांना सोसवतो आणि तुमच्या माशांना मारतो.

आता बाटली. ती ओतली की सायकल लगेच पूर्ण होते, हे मला पटत नाही. हे मत हवेत राहू नये म्हणून एकच अभ्यास सांगतो, तो पुरेसा आहे. टिमोथी होव्हानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली ‘अप्लाइड अँड एन्व्हायरनमेंटल मायक्रोबायॉलॉजी’ या नियतकालिकात गोड्या पाण्याच्या टाक्यांवरचं संशोधन प्रसिद्ध केलं. तोवर सगळे धरून चालले होते की टाकीत नायट्राइट संपवणारा जीवाणू म्हणजे नायट्रोबॅक्टर. यांनी टाक्यांमधल्या बुळबुळीत थरातली जनुकं तपासली, तर त्यांना नायट्रोबॅक्टर सापडलाच नाही. सापडले ते नायट्रोस्पायरासारखे जीवाणू. काही टाक्यांत त्यांनी नायट्रोबॅक्टर असलेलं विकतचं मिश्रण घातलं होतं. त्या टाक्यांतही नायट्रोबॅक्टर वाढल्याचा पुरावा मिळाला नाही, वाढले ते नायट्रोस्पायरासारखेच. आणि हे जीवाणू थरात दिसू लागणं आणि नायट्राइटचं नायट्रेट होऊ लागणं, या दोन गोष्टी बरोबरीने घडल्या.

नीट विचार केला तर या एका अभ्यासातून मेसेजच्या दोन मुद्द्यांना उत्तर मिळतं. बाटलीत कुठला जीव आहे आणि तो तुमच्या टाकीत तग धरणारा आहे का, यावर सगळं ठरतं. ‘बॅक्टेरिया’ एवढा एक शब्द लेबलवर असून भागत नाही. आणि बाटली ओतली असो वा नसो, योग्य जीवाणूंचं बस्तान बसेपर्यंत नायट्राइट हलत नाही. त्यानंतर बाजारात नायट्रोस्पायरा असलेल्या बाटल्याही आल्या आहेत, आणि त्या ताज्या, नीट साठवलेल्या असतील तर वेळ वाचतो हे मी मान्य करतो. पण वाचलेला वेळ आकड्यांवरून कळतो. ओतली आणि तासाभरात मासे सोडले, हे कुठलीही बाटली आली तरी चुकीचंच.

यापेक्षा खात्रीचा मार्ग जुनाच आहे: कुणाच्या तरी निरोगी, जुन्या टाकीतल्या फिल्टरचा स्पंज. हे सूक्ष्मजीव पृष्ठभागांना चिकटून राहतात, पाण्यात फारसे तरंगत नाहीत. म्हणून जुन्या टाकीचं पाणी बादलीभर आणून ओतण्याचा फायदा जवळजवळ नाही, आणि ओल्या स्पंजच्या एका तुकड्याचा फायदा मोठा. त्याच कारणाने तो स्पंज नळाखाली खसाखसा धुवायचा नाही. टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळायचा.

‘झाडं चोवीस तास ऑक्सिजन देतात’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं, कारण ते खोटं असल्याचं आपल्याला दोनशेहून अधिक वर्षांपासून माहीत आहे. डच वैद्य यान इंगेनहाउझ यांनी १७७९ साली पानं पाण्यात बुडवून ठेवली आणि पाहिलं, की उन्हात त्यांवरून बुडबुडे निघतात आणि अंधारात थांबतात. अंधारात झाडं हवा बिघडवतात, हेही त्यांनीच नोंदवलं. दिवा बंद झाल्यावर टाकीतली झाडं माशांसारखीच ऑक्सिजन वापरतात, सूक्ष्मजीवही वापरतात, आणि पहाटे दिवा लागायच्या आधी पाण्यातला ऑक्सिजन सर्वांत कमी असतो. गच्च झाडांच्या टाकीत मासे सकाळी वर येऊन धापा टाकताना दिसतात ते यामुळे. पाण्याचा पृष्ठभाग थोडा हलता ठेवला की हा प्रश्न बराचसा सुटतो, आणि ते काम फिल्टर करतो. शिवाय सूक्ष्मजीवांना राहायला जागा देतो आणि त्यांच्यापर्यंत ऑक्सिजन पोचवतो. फिल्टरशिवाय चालणाऱ्या टाक्या असतात, हे मला ठाऊक आहे. त्या मोजके मासे, पुष्कळ झाडं आणि बऱ्याच वर्षांचा हात यावर चालतात. पहिल्या टाकीला तो सल्ला देऊ नका.

बाकीचे मुद्दे भराभर घेतो. दिवा चोवीस तास चालू ठेवलात तर झाडांच्या आधी शेवाळ वाढेल, कारण नव्या टाकीत झाडांनी अजून मूळ धरलेलं नसतं. सुरुवातीला रोज सहा तास, झाडं रुजल्यावर आठ. टायमर लावा, हाताने चालू-बंद करण्यात सातत्य राहत नाही.

नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवल्याने क्लोरीन पुष्कळसा उडून जातो, हे खरं. पण पाणी शुद्ध करायला क्लोरामाइन वापरलं असेल तर ते असं उडत नाही. डीक्लोरिनेटरचे (क्लोरीन मारणाऱ्या द्रावणाचे) थेंब टाकायला अर्धा मिनिट लागतो. तेवढं करा.

मिठाबद्दल मात्र एक गोष्ट कबूल करावी लागेल. पाण्यात क्लोराइड असलं की नायट्राइट कल्ल्यांतून आत शिरायला अडथळा होतो. नायट्राइटच्या विषबाधेत थोडं मीठ घालतात ते याचसाठी, आणि ते उपयोगी पडतं. पण तो संकटातला उपाय आहे. दर आठवड्याला चमचाभर टाकत गेलात तर मीठ उडून जात नाही, साठत जातं, आणि गोड्या पाण्यातली बरीच नाजूक झाडं त्याने मान टाकतात. झाडांची टाकी लावायची आणि त्यात मीठ साठवत जायचं, हे एकाच मेसेजमध्ये कसं लिहिलं गेलं मला कळत नाही.

त्या रात्री उरलेले तीन टेट्रा मी माझ्या जुन्या टाकीत हलवले. भाचीची टाकी मोडली नाही, झाडं तशीच ठेवली, कारण त्यांना काहीच झालं नव्हतं. माझ्या फिल्टरमधला स्पंजचा एक तुकडा तिच्या फिल्टरमध्ये घातला. सूक्ष्मजीवांना खायला मातीतून येणारा अमोनिया आहेच, त्यामुळे वेगळा घालावा लागला नाही. नुसत्या रेतीवर टाकी लावणाऱ्यांनी अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया सुमारे २ पीपीएमपर्यंत न्यायचा आणि मासे न सोडता थांबायचं. घातलेला अमोनिया २४ तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य दिसला की टाकी तयार. मग अर्ध्याहून अधिक पाणी बदलायचं, म्हणजे साठलेला नायट्रेट उतरतो, आणि थोडे मासे सोडायचे. सगळे एकदम नाहीत. या काळात पीएच ६.५ च्या खाली जाऊ द्यायचा नाही, कारण आम्लधर्मी पाण्यात हे सूक्ष्मजीव मंदावतात.

भाची रोज संध्याकाळी पाणी तपासते आणि आकडे वहीत लिहिते. क्रिप्टोकोरीन सगळं विरघळलं होतं, त्याला आता बोटभर नवी पानं फुटली आहेत. काल सतराव्या दिवशी तिने दोन परीक्षानळ्यांचा फोटो पाठवला. अमोनियाची पिवळी, म्हणजे शून्य. नायट्राइटची अजून जांभळी. खाली लिहिलं होतं, “मामा, अजून नाही ना?” मी कळवलं, अजून नाही.