सतरावी मात्रा

आमच्या चिंगीला पाचवीत अपूर्णांक चालू आहेत. म्हणजे घरातल्या सगळ्यांनाच चालू आहेत. 1/3 मोठा की 1/4, असं विचारलं की ती ठामपणे 1/4 म्हणते. तिनापेक्षा चार मोठे नाहीत का? मी भाकरीचे तुकडे करून दाखवले. तिने तुकडे खाल्ले, उत्तर तेच ठेवलं.

मुलांना गणित संगीतातून शिकवावं, असं कुणीतरी मला सांगितलं. चिंगी दोन वर्षं तबला शिकतेय. मला तबल्यातलं ओ की ठो कळत नाही, पण शिकवायला कळावंच लागतं असं थोडंच आहे?

सुरुवात पायथागोरसपासून केली. तार निम्मी केली की वरचा सा, दोन तृतीयांश ठेवली की पंचम. घरात तार नव्हती, म्हणून डब्याला रबरबँड लावला आणि ताणून दुप्पट लांब केला. आता सूर खाली उतरायला हवा होता. उतरेना! लांबीबरोबर ताणही वाढतो, हे लक्षात येईपर्यंत रबर सुटून माझ्या नाकावर बसला होता.

"हा कुठला सूर, बाबा?"

मी मुकाट्याने तबल्याकडे वळलो.

"तीनतालाच्या मात्रा किती?"

"सोळा. चार-चारचे चार विभाग."

"शाब्बास! मग एक विभाग म्हणजे पूर्ण तालाचा कितवा भाग?"

"कुठला विचारतोयस त्यावर आहे. खालीचा, म्हणजे बिनटाळीचा, असेल तर तिसरा."

यात चूक काढता येईना. विषय बदलावा म्हणून क्लासचा गृहपाठ विचारला. तिहाई बांधायची होती: एकच तुकडा तीनदा वाजवायचा आणि शेवटचा बोल, धा, बरोबर समेवर म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर आणायचा. मी पेन काढलं. सोळा भागिले तीन, पाच, बाकी एक.

"होणार नाही. भाग जात नाही. सांग तुझ्या सरांना."

"समेवरून निघून समेवर यायचं ना? मग ती पुढची समपण मोजायची. सतरा."

"सतराला तर कशानेच भाग जात नाही!" मला उगाचच विजयी वाटलं.

"मधे दम घ्यायचा ना, बाबा." आणि तिने मांडीवर वाजवून दाखवलं. पाच मात्रा, एक दम, पाच मात्रा, एक दम, पाच मात्रा. धा समेवर! तीन मात्रांचा तुकडा घेतला तर दम चार-चारचे, तरी बसतं म्हणाली. नऊ आणि आठ, सतराच. पोरगी चक्क बीजगणित करत होती. मी तिला तसं सांगितलं नाही, लगेच थांबली असती.

मग निघाली आड लय, म्हणजे दीडपट. दोन मात्रांच्या जागेत तीन. "हं, आधी दीडचे 3/2 करू..." मी म्हणतोय तोवर मटार सोलणाऱ्या आईने सूर लावला. "बे दीडं तीन, तीन दीडं साडेचार, चार दीडं सहा..." तिच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे सगळे पाढे पाठ करून घेत. आम्हाला ते नव्हतं. आम्हाला कॅल्क्युलेटर होता. आजीच्या दिडकीवर नातीने पाट बडवायला घेतला आणि दोघींना माझी गरज पाव हिश्शानेही उरली नाही.

"मी काय करू?" मी विचारलं.

"हाताने ताल धर."

धरला. नवव्या मात्रेला दणदणीत टाळी दिली. तिथे खाली असते. पुढच्या आवर्तनातही दिली.

"बाबा, तू टाळ्या राहू दे. फक्त खाली दाखव. नववी आली की रिकामा हात हलवायचा, बस्स."

हे जमलं. दोन-तीन आवर्तनं तर चांगलीच जमली. तेवढ्यात, मूड बघून, मी हळूच विचारलं, "चिंगे, आता सांग, 1/3 मोठा की 1/4?"

"हात हलव, नववी गेली!"